क्रूझने दक्षिण अमेरिका बघायचीय? प्लॅनिंग करताना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

एकाच क्रूझमध्ये अख्खा खंड होतो का?

होतो, खंडाला पूर्ण वळसा घालणारी जहाजं आहेत, पण त्यात दोन महिन्यांहून जास्त वेळ जातो आणि पैसेही तसेच जातात. बहुतेकांकडे दोन-तीन आठवडेच असतात, आणि तेवढ्यात सगळं कोंबायला गेलं की अर्धे दिवस नुसतं पाणी बघण्यात जातात. या खंडाच्या किनाऱ्यावर विषुववृत्ताजवळचं जंगल आहे, जगातलं सगळ्यात कोरडं म्हणतात ते वाळवंट आहे, हिमनद्या आहेत, पेंग्विन आहेत, रिओसारखं तुफान शहर आहे, आणि हे सगळं एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब आहे. म्हणून माझं अगदी मनापासून सांगणं आहे की आधी एक तुकडा निवडा आणि तारखा, जहाज, केबिन हे सगळं त्यानंतर ठरवा.

मग कुठला तुकडा निवडायचा?

ढोबळमानाने चार तुकडे पडतात.

पहिला दक्षिण टोकाचा, म्हणजे ब्युनोस आयर्स ते चिलीमधलं सान अंतोनियो किंवा व्हाल्परायसो, मधे केप हॉर्न, म्हणजे खंडाचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक. साधारण दोन आठवडे लागतात आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा असं मला वाटतं, कारण या भागात जहाजाला खरंच अर्थ आहे. चिलीच्या दक्षिणेचा किनारा इतका तुटलेला आहे, बेटं आणि खाड्यांनी इतका चिरलेला आहे की तिथे चिलीतल्या चिलीत रस्त्याने सलग जाताच येत नाही, अर्जेंटिनातून फिरून जायचं नाहीतर बोट. जे जहाजातूनच नीट दिसतं ते जहाजातून बघावं आणि जिथे विमानाने आरामात जाता येतं तिथे विमानाने जावं, एवढा साधा हिशोब आहे.

दुसरा ब्राझीलचा किनारा: रिओ, सांतोस, इल्हाबेला, बुझिओस, वर साल्व्हादोर, रेसिफे. ऊन, समुद्रकिनारे, संगीत, ज्यांना थंडी अजिबात नको त्यांच्यासाठी. साल्व्हादोर मात्र चुकवू नका, १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होती ती, आणि बंदरातून बाहेर आलं की थोड्याच अंतरावर एलेव्हादोर लासेर्दा ही १८७३ सालची लिफ्ट आहे जी खालच्या गावातून थेट वरच्या जुन्या शहरात नेते.

तिसरा पश्चिमेचा, चिलीच्या उत्तरेपासून पेरू, इक्वाडोर आणि पुढे पनामा कॅनॉलमधून कोलंबियाच्या कार्ताहेनापर्यंत. इतिहासाची आवड असेल तर हा. पेरूच्या सालाव्हेरी बंदरात उतरून चान चान बघता येतं, मातीच्या विटांचं अख्खं शहर, इंकांच्याही आधीचं. बहुतेक लोकांच्या यादीत ते नसतंच.

चौथा अ‍ॅमेझॉन. समुद्रात चालणारी मोठी जहाजं नदीतून जवळजवळ १५०० किलोमीटर आत ब्राझीलमधल्या मनाऊस शहरापर्यंत जातात, हे ऐकलं की बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

कुठल्या महिन्यात जावं?

तिकडचे ऋतू उलटे. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा, आणि दक्षिण टोकाच्या क्रूझ साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच चालतात. डिसेंबरात अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयाला सतरा तासांच्या आसपास उजेड असतो, म्हणजे जेवून वर डेकवर आलात तरी डोंगर दिसत असतात. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये भाडं बरेचदा कमी मिळतं, गर्दी कमी, पण हवा जास्त लहरी.

व्हेल बघायचे असतील तर मात्र हिशोब वेगळा आहे. अर्जेंटिनातल्या पुएर्तो माद्रिनजवळच्या व्हाल्देस द्वीपकल्पात सदर्न राइट व्हेल जून ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतात, जानेवारीत गेलात तर ते निघून गेलेले असतात. पेंग्विनचं टेन्शन नको, त्याच किनाऱ्यावरच्या पुंता तोंबोला मॅगेलनिक पेंग्विन सप्टेंबर ते एप्रिलच्या सुमाराला असतातच. मनाऊसला नदी जूनमध्ये सगळ्यात भरलेली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात खाली असते, २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी ऑक्टोबरमध्ये पाण्याने नीचांक गाठला होता, त्यामुळे अ‍ॅमेझॉनसाठी ते दोन महिने टाळाच.

रिओचा कार्निव्हल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तारीख दरवर्षी बदलते. त्या आठवड्यात हॉटेलं, विमानं सगळंच महाग होतं, तेव्हा कार्निव्हल बघायचाच असेल तर ठरवून जा, नाहीतर ठरवून टाळा.

केप हॉर्नला समुद्र खूप खवळलेला असतो ना? आईबाबांना झेपेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि काळजी रास्त आहे. केप हॉर्न जवळपास ५६ अंश दक्षिणेला आहे, त्या पट्ट्यात पृथ्वीभोवती वारा अडवायला जमीनच नाही, म्हणून लाटा वाढतच जातात. १९१४ मध्ये पनामा कॅनॉल सुरू होईपर्यंत अटलांटिकमधून पॅसिफिकमध्ये जाणाऱ्या जहाजांना या बाजूनेच जावं लागायचं आणि कितीतरी जहाजं तिथे बुडाली. बेटावर त्या खलाशांची आठवण म्हणून अल्बाट्रॉस पक्ष्याच्या आकाराचं स्मारक आहे.

पण आताची जहाजं मोठी असतात, हवामानाचा अंदाज आधी मिळतो आणि कॅप्टन वाट बघतो किंवा रस्ता बदलतो. शिवाय प्रवासाचा बराचसा भाग बीगल चॅनल, मॅगेलनची सामुद्रधुनी आणि चिलीच्या आतल्या खाड्यांमधून जातो, तिथे दोन्ही बाजूंना डोंगर आणि पाणी बऱ्यापैकी शांत. उघडा समुद्र लागतो तो फॉकलंड बेटांकडे जाता-येता, केप हॉर्नला, आणि चिलीत गोल्फो दे पेनास म्हणून एक जागा आहे तिथे, कारण तिथे आतला रस्ता संपतो आणि जहाजाला बाहेर पॅसिफिकमध्ये यावंच लागतं. त्या वेळेला हलणार हे धरून चाला.

उपाय म्हणजे केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हालचाल सगळ्यात कमी जाणवते. उलटीची गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर फारसा उपयोग नाही. बीपी, शुगर, हृदयाची औषधं चालू असतील तर कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना निघायच्या आधी विचारा. आईबाबा एरवी हिंडते-फिरते असतील तर बिनधास्त न्या. चालायला त्रास असेल तर टेंडरवाल्या बंदरांबद्दल खाली लिहिलंय ते मात्र नक्की वाचा.

केबिन कुठल्या बाजूची घेऊ?

ब्युनोस आयर्सहून चिलीकडे जाताना उजवी बाजू, म्हणजे स्टारबोर्ड. नकाशा समोर ठेवून बघा, खाली जाताना जमीन उजवीकडे आणि टोकाला वळसा घालून वर येतानाही जमीन उजवीकडेच. बीगल चॅनलमधून पश्चिमेकडे जाताना हिमनद्यांची रांग लागते, त्यांना इटली, फ्रान्स, जर्मनी, हॉलंड अशी देशांची नावं आहेत, तीही उत्तरेला म्हणजे उजवीकडेच. उलट्या दिशेच्या क्रूझला डावी बाजू घ्या. खाड्यांमध्ये काय, दोन्हीकडे दिसतं.

बाल्कनीला जास्त पैसे द्यावेत का? ब्राझील किंवा पेरूच्या बाजूला नाही दिले तरी चालेल कारण तिथे जहाज बहुतेक रात्री चालतं आणि दिवसा तुम्ही खाली गावात असता. दक्षिण टोकाला मात्र हिमनद्या पहाटे पाचलाही येतात, तेव्हा अंगावर पांघरूण घेऊन स्वतःच्या बाल्कनीत उभं राहता येणं याला खरंच किंमत आहे. बजेट नसेल तर आतली केबिन घ्या आणि जाड जॅकेट घालून वरच्या डेकवर जा, तिथून दोन्ही बाजू दिसतात.

टेंडर म्हणजे काय भानगड?

काही बंदरांत मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर नांगर टाकून उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात, त्या बोटीला टेंडर म्हणतात. फॉकलंडचं स्टॅन्ली, चिलीत पुएर्तो मोंत आणि कास्त्रो, ब्राझीलमध्ये बुझिओस आणि इल्हाबेला ही तशी बंदरं, चिलीतल्याच पुंता अरेनासलाही बरेचदा टेंडरच असतो. हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो, स्टाफ हात धरतो, पण व्हीलचेअरवाल्यांना सगळीकडे जमत नाही आणि काही कंपन्या अशा वेळी सरळ नाही म्हणतात. बुकिंगच्या आधी लेखी विचारून घ्या.

फॉकलंड नक्की होईल ना?

नक्की असं कोणी सांगू शकत नाही. वारा जास्त असला की टेंडर चालवता येत नाहीत, मग स्टॅन्ली रद्द आणि जहाज तसंच पुढे. केवळ फॉकलंडसाठी ही क्रूझ घेऊ नका. झालं तर सोनं आहे, व्हॉलंटियर पॉइंटला किंग पेंग्विन अगदी जवळून दिसतात. तिथे जायला गवताळ, दलदलीतून जीपने जावं लागतं आणि जाऊन-येऊन जवळपास पूर्ण दिवस जातो, त्यामुळे जहाज सकाळी किती वाजता पोचतं आणि संध्याकाळी किती वाजता निघतं ते बघूनच गाडी ठरवा. जिप्सी कोव्ह स्टॅन्लीच्या जवळ आहे, वेळ कमी असला तर ते. बंदर रद्द झालं तर पैसे परत मिळणार का हे गाडीवाल्याला आधीच विचारायचं.

अंटार्क्टिकाही त्याच ट्रिपमध्ये होतं का?

काही मोठी जहाजं अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पाजवळून दोन-चार दिवस फिरून येतात, पण उतरवत नाहीत. नियमच आहे की ५०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाने तिथे कोणाला उतरवायचं नाही आणि छोट्या जहाजांनीही एका वेळी एका जागी १०० पेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत. बर्फावर पाय ठेवायचाच असेल तर उशुआयाहून निघणारी छोटी एक्स्पिडिशन जहाजं, ती कितीतरी महाग आणि केप हॉर्न आणि अंटार्क्टिकामधला समुद्र, म्हणजे ड्रेक पॅसेज, ओलांडायला जाताना-येताना प्रत्येकी दोनेक दिवस लागतात. नुसतं बघूनही लोक भारावून परत येतात, तेव्हा न उतरणारी क्रूझ फुकट गेली असं समजू नका. फक्त काय घेतोय ते कळून घ्या.

माचू पिक्चू, इग्वासू, पेरितो मोरेनो हे क्रूझमधून करता येतं का?

यातलं एकही किनाऱ्यावर नाही.

माचू पिक्चू या पेरूमधल्या इंकांच्या जुन्या शहरासाठी लिमाच्या कायाओ बंदरात उतरून कुस्कोला विमान, मग पुढे रेल्वे, एका दिवसात होत नाही. कुस्को ३४०० मीटर उंचीवर आहे, समुद्रसपाटीवरून थेट तिथे गेलं की डोकं दुखतं, दम लागतो, शरीराला एक-दोन दिवस द्यावे लागतात. वर प्रवेशाची तिकिटं रोज ठरावीकच. क्रूझच्या आधी किंवा नंतर चार-पाच दिवस वेगळे ठेवा. इग्वासू धबधबा ब्युनोस आयर्सहून विमानाने साधारण दोन तास, हा क्रूझच्या आधी सहज बसतो. पेरितो मोरेनो हिमनदी अर्जेंटिनातल्या एल कालाफाते गावाजवळ आहे, तिथेही विमानानेच.

पुंता अरेनासहून तोरेस देल पाइने या राष्ट्रीय उद्यानाची एका दिवसाची टूर विकतात. एका बाजूचंच अंतर ३०० किलोमीटरच्या वर आहे, दिवसभर बसमध्ये बसायची तयारी असेल तरच घ्या. त्यापेक्षा जवळच्या माग्दालेना बेटावर बोटीने जाऊन पेंग्विन बघणं मला जास्त पटतं.

व्हिसाचं काय? आम्ही सगळीकडे उतरणार नाही, तरी लागतो का?

लागतो असंच धरा. जहाज ज्या ज्या देशाच्या बंदराला लागणार त्या सगळ्यांची कागदपत्रं नसतील तर कंपनी पहिल्याच बंदरात चढू देत नाही, आणि पैसेही परत मिळत नाहीत. नियम तुमच्या पासपोर्टवर अवलंबून असतात आणि बदलत राहतात, काही देश अमेरिकेचा चालू व्हिसा असला की सवलत देतात, म्हणून प्रत्येक देशाच्या दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. ब्युनोस आयर्स, मग उरुग्वेचं मोंटेव्हिडिओ, मग पुएर्तो माद्रिन, फॉकलंड, उशुआया, आणि मग पुंता अरेनास असा रूट असला तर तुम्ही अर्जेंटिनातून बाहेर पडून परत परत आत येताय. सिंगल एंट्री व्हिसावर हे अडकू शकतं, मल्टिपल एंट्रीच मागा.

यलो फीव्हरची लस घ्यायलाच हवी का?

भारतात परतणार असाल तर हो, या गोष्टीत ढिलाई नको. ब्राझील, अर्जेंटिना, पेरू, इक्वाडोर, कोलंबिया हे सगळे भारताच्या यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहेत, तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि सर्टिफिकेट नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. तुम्ही जंगलात गेलाच नव्हतात, फक्त ब्युनोस आयर्समध्ये होतात, हे तिथे ऐकून घेत नाहीत. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, ठरलेल्या सरकारमान्य सेंटरवरच मिळते आणि अपॉइंटमेंटला वेळ लागतो. २०१६ पासून हे सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढच्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना या लसीचा धोका जास्त असू शकतो, म्हणून आईबाबांच्या बाबतीत आधी डॉक्टर आणि मगच क्रूझचं बुकिंग.

खर्चात काय काय येतं?

जाहिरातीतल्या भाड्यात केबिन, जेवण आणि शो येतात. वरून पोर्ट चार्जेस, टिप्स म्हणजे माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर, दारू आणि कोल्ड्रिंक, वायफाय, बंदरावरच्या टूर, विमानं, व्हिसा, इन्शुरन्स. एकटे जाणार असाल तर डबल केबिनचं जवळपास दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं. क्रूझ स्वस्त दिसली तरी एकूण बेरीज करूनच ठरवा. क्रूझ एका देशात सुरू होऊन दुसऱ्या देशात संपते तेव्हा ब्युनोस आयर्सला जाणारं आणि सान्तियागोहून परत येणारं अशी तिकिटं एकाच बुकिंगमध्ये शोधा, दोन वेगळी वन-वे घेण्यापेक्षा बरेचदा स्वस्त पडतात.

आणि इन्शुरन्समध्ये क्रूझ हा शब्द आहे का आणि मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का हे बघा. जहाजावर डॉक्टर असतो, बिल मात्र तुमच्या खात्यावर चढतं, आणि पातागोनियाच्या खाड्यांत हॉस्पिटल जवळ नसतं.

जहाज सुटायच्या किती आधी पोचावं?

दोन दिवस तरी. लांबचा विमानप्रवास, कनेक्शन चुकतं, बॅग मागे राहते, आणि जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. तसंही ब्युनोस आयर्सला दोन दिवस कमीच पडतात, सान तेल्मो, रेकोलेता, तेआत्रो कोलोन एवढं बघितलं तरी.

टूर जहाजाच्या घ्याव्या की स्वतः फिरावं?

बंदरावर अवलंबून आहे. मोंटेव्हिडिओला जुनं शहर बंदराच्या अगदी तोंडाशी आहे, पायी फिरा, टूरला पैसे घालू नका. उशुआयालाही धक्क्यावरून चालत गावात. पुंता तोंबो, तोरेस देल पाइने असं लांब जायचं असेल तर जहाजाची टूर महाग असली तरी घ्या, कारण ती उशिरा आली तर जहाज थांबतं, तुमची खाजगी गाडी पंक्चर झाली तर थांबत नाही. सान अंतोनियोत उतरणार असाल तर सान्तियागो तिथून साधारण १०० किलोमीटर आहे, त्याच दिवशीचं विमान असेल तर वाटेत थांबा घेत जाणारी टूर घेऊ नका.

घड्याळ बघत रहा. पेरू, इक्वाडोरची वेळ ब्राझीलपेक्षा दोन तास मागे, चिलीतही सगळीकडे एकच वेळ नसते, आणि मोबाइल आपोआप गावाची वेळ दाखवतो. परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळाने मोजतात.

व्हेज जेवण मिळतं का?

जहाजावर मिळतं, मोठ्या जहाजांवर भारतीय भाज्याही बरेचदा असतात. जैन जेवण हवं असेल तर किमान दोन महिने आधी कंपनीला मेल करा आणि चढल्यावर पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटा. किनाऱ्यावर अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये मांस भरपूर, पण पिझ्झा, पास्ता, चीज आणि भाज्यांच्या एम्पनादा (करंजीसारखा प्रकार) सगळीकडे मिळतात, उपाशी राहत नाही कोणी.

डब्यातलं घरचं खाणं चिलीत नेता येतं का?

जहाजावरून उतरताना फळं, भाज्या, बिया, मांस, दुधाचे पदार्थ यावर चिली अतिशय कडक आहे. फॉर्म भरायचा असतो, कुत्री बॅगा हुंगतात, बॅगेत विसरलेलं सफरचंदसुद्धा दंड लावू शकतं. काहीही खायचं जवळ असेल तर फॉर्मवर हो लिहा, फार तर ते काढून घेतील. लपवलं तर दंड.

कपडे कुठले न्यावे?

एकावर एक घालता येतील असे. ब्राझीलमध्ये ३० अंशांच्या वर आणि उशुआयाला भर उन्हाळ्यात १० ते १५, त्यात वारा. वारा अडवणारं वॉटरप्रूफ जॅकेट, टोपी, हातमोजे हे सगळ्यात महत्त्वाचं, छत्री तिकडे उलटीच होते. सनस्क्रीन दक्षिणेलाही लागतं, थंडी असली तरी तिथलं ऊन चांगलंच भाजतं. लिमाच्या बाजूला समुद्रातून थंड हम्बोल्ट प्रवाह वाहतो म्हणून नकाशावर उष्ण वाटलं तरी पाणी गार असतं.

पैसे कुठल्या चलनात?

जहाजावर सगळं कार्डावर. बाहेर प्रत्येक देशाचं चलन वेगळं, फक्त इक्वाडोरमध्ये २००० सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो आणि पनामातही. फॉकलंडमध्ये ब्रिटिश पौंड चालतो. छोट्या नोटांचे थोडे डॉलर जवळ ठेवा. भाषा ब्राझीलमध्ये पोर्तुगीज, बाकी जवळपास सगळीकडे स्पॅनिश, फोनमध्ये दोन्ही ऑफलाइन डाउनलोड करून घ्या कारण खाड्यांमध्ये नेटवर्क नसतं.

लहान बाळ किंवा गरोदरपणात चालतं का?

बाळ सहा महिन्यांचं तरी हवं, लांब समुद्री टप्पे असतील तर बऱ्याच कंपन्या एक वर्ष म्हणतात. प्रवास संपेपर्यंत गरोदरपणाचे २४ आठवडे पूर्ण होत असतील तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

प्लग कुठला लागतो?

जहाजावर अमेरिकन आणि युरोपियन दोन्ही सॉकेट असतात. हॉटेलात मात्र अर्जेंटिना, ब्राझील, चिली तिन्हीकडे पिना वेगळ्या, तेव्हा युनिव्हर्सल अडॅप्टर घ्या. स्पाइकगार्ड असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेऊ नका, तो चढतानाच काढून घेतात.